आमचा वैरी आम्हाला परत द्या!

दोन युनिव्हर्सिट्या, मध्ये जेमतेम १७० किलोमीटरचं अंतर, ११८ मॅचेस… आणि मग एका टीव्ही चॅनलपायी १३ वर्षांची कट्टी! अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या एका पुणेरी वेड्याची ही गोष्ट.

रविवार, १ डिसेंबर २०२४. पहाटेचे पावणेसहा. बाणेरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे गाढ झोपलेत. रविवारी या वेळी उठणारी माणसं दोनच प्रकारची. एक, मॅरेथॉनची प्रॅक्टिस करणारे आणि दुसरे माझ्यासारखे येडे! किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवलाय, गॅसवर चहा टाकलाय आणि अंगात चौदा वर्षांपूर्वीचा मरून टी-शर्ट चढवलाय (तो आता पोटावर जरा… असो!). तेवढ्यात फोन वाजतो. डॅलसहून.

‘काय बे, उठला का?’

नागपूरकर! इंजिनीअरिंगला चार वर्षं होस्टेलचा रूम-पार्टनर. जीआरईची वर्डलिस्ट आम्ही एकत्र घोकली, व्हिसाच्या रांगेत एकत्र उभे राहिलो. २०१० साली मला अ‍ॅडमिशन मिळाली टेक्सास ए अँड एमला आणि त्याला ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला. त्या दिवशी आम्ही खूश होऊन पार्टी केली. ‘एकाच स्टेटमध्ये आहोत यार, दर वीकएन्डला भेटू!’ आपण एकमेकांचे खानदानी दुश्मन झालोय, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शेतकी कॉलेज विरुद्ध चहाबाज

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या मॅचचं एवढं काय कौतुक? खरं आहे. आपल्याकडे युनिव्हर्सिटीची मॅच बघायला खेळाडूंचे रूममेट्सही येत नाहीत. पण पुरुषोत्तम करंडक आठवा. भरत नाट्य मंदिर खच्चून भरलंय, लाइट गेलेत आणि अंधारात कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडतंय, ‘अरे आव्वाज कुणाचाऽऽ!’ आता त्या भरत नाट्यच्या जागी ऐंशी हजारांहून जास्त माणसं बसतील असं स्टेडियम ठेवा. झालं, टेक्सासमधला शनिवार तुम्हाला कळला!

‘ए अँड एम’ म्हणजे अ‍ॅग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल. १८७६ साली सुरू झालेलं, शेतकी आणि तंत्रशिक्षण देणारं कॉलेज. आम्ही म्हणून ‘अ‍ॅगीज’. ऑस्टिनवाल्यांचं चिन्ह लांब शिंगांचा बैल, म्हणून ते ‘लाँगहॉर्न्स’. ते राजधानीत राहणारे, स्वतःला हुशार समजणारे. आमच्याकडे बघून ‘शेतकरी’ म्हणून हसणार. आम्ही त्यांना ‘टी-सिपर’ म्हणणार. म्हणजे नाजूक कपातून चहाचे घुटके घेणारे! ही शिवी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला काही कळेच ना. पुण्याच्या माणसाला चहा पितो म्हणून कुणी शिवी देतं का?

पण वेड हळूहळू चढतंच. मॅचच्या आदल्या मध्यरात्री हजारो पोरं स्टेडियममध्ये जमून फक्त ओरडायची प्रॅक्टिस करतात. या ओरडण्याचं नेतृत्व करणारे ‘यल लीडर’ चक्क निवडणुकीनं ठरतात! त्यांच्यातलाच एक, रिक पेरी, पुढे टेक्सासचा गव्हर्नर झाला. मॅचभर आमचे विद्यार्थी खाली बसत नाहीत. १९२२ सालच्या एका मॅचमध्ये खेळाडू जखमी होत गेले, तेव्हा प्रेक्षकांतला एक पोरगा युनिफॉर्म चढवून शेवटपर्यंत तयारीत उभा राहिला. तेव्हापासून सगळे उभे. आणि आमच्या टीमनं पॉइंट्स केले की बरोबरच्या डेटला किस करायचं, अशीही प्रथा! आम्ही सहा देशी पोरं एका रांगेत उभी. पॉइंट झाला की आम्ही सहाही जण फार गंभीरपणे स्कोअरबोर्ड बघायचो…

वर्षातली सगळ्यात मोठी मॅच अर्थातच ऑस्टिनवाल्यांशी. बहुतेक वेळा ती थँक्सगिव्हिंगच्या आसपास यायची. अमेरिकन पोरं घरी जातात, मेस बंद, कॅम्पसवर शुकशुकाट. घरापासून तेरा-चौदा हजार किलोमीटरवर असलेल्या पोरांना त्या आठवड्यात दिवाळीची फार आठवण येते. पण आम्हाला मॅच होती! २०१०ला मी ऑस्टिनला गेलो, नागपूरकराच्या अपार्टमेंटवर दहा जण जमिनीवर झोपलो, त्यानं सावजी मसाल्याचं चिकन केलं आणि आम्ही २४-१७ जिंकलो. रात्री स्वस्त लॅपटॉपसाठी ब्लॅक फ्रायडेच्या रांगेत उभं राहून मी त्याला पहाटेपर्यंत छळला.

वैर म्हणजे काय?

पण हे नुसतं चिडवाचिडवीचं प्रकरण नव्हतं, हे मला कॅम्पसवरच्या एका जागेनं शिकवलं. या मॅचआधी आमचे विद्यार्थी लाकडाच्या ओंडक्यांचा प्रचंड मनोरा रचून त्याची होळी पेटवायचे. १८ नोव्हेंबर १९९९च्या पहाटे तो रचत असतानाच कोसळला. १२ जण गेले. आज तिथे स्मारक आहे. दगडी वर्तुळात बारा दारं. प्रत्येक दार, गेलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या दिशेला तोंड करून उभं.

आठच दिवसांनी मॅच होती. ती झाली. हाफटाइमला टेक्सासचा बँड, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांचा बँड, मैदानात आला आणि त्यांनी डोक्यावरच्या हॅट्स काढून आमच्या मुलांना श्रद्धांजली वाहिली. हे मला सांगणारे आमचे अमेरिकन सीनियर्स ऑस्टिनला एरवी शिव्या घालणारे. पण हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

ज्याच्याशी वर्षातून एकदा भांडायचं ठरलेलं असतं, तो परका नसतो. तो घरातलाच असतो, फक्त पलीकडच्या खोलीत राहतो.

…आणि चॅनल आलं!

आता थोडं टीव्हीचं बघू. एक काळ असा होता, की कॉलेजच्या किती मॅचेस टीव्हीवर दाखवायच्या हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. फुकट दिसलं तर लोक स्टेडियममध्ये कशाला येतील, ही भीती! १९८४ साली युनिव्हर्सिटी ऑफ ओक्लाहोमाच्या रीजंट्सच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ही मक्तेदारी ७ विरुद्ध २ मतांनी मोडली. विरोधात मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट एकेकाळचे गाजलेले कॉलेज फुटबॉलपटू. पैशांच्या मागे लागून खेळाचं कॉलेजपण हरवेल, अशी त्यांची चिंता. तेव्हा ती कुणी फारशी मनावर घेतली नाही.

मग सुरू झाली पळापळ. युनिव्हर्सिट्यांचे गट असतात, त्यांना ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ज्या गटात टीव्हीचा पैसा जास्त, तिकडे उडी! टेक्सासच्या टीम्सचा जुना गट ‘साउथवेस्ट’ १९९६ला मोडला. नवा ‘बिग ट्वेल्व्ह’ झाला, तेव्हा टेक्सासमधून चौघांनाच प्रवेश मिळाला. बेलर आणि टेक्सास टेक आत आल्या त्या राज्याच्या राजकारण्यांच्या जोरावर, असं तिथला प्रत्येक माणूस सांगतो. तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर बॉब बुलक या दोन्ही ठिकाणी शिकलेले, हा काय निव्वळ योगायोग? क्रिकेट बोर्डाच्या खुर्चीत पुढारी बघायची सवय असलेल्या आपल्याला हे समजवायला नको! राइस, ह्यूस्टन, एसएमयू आणि टीसीयू बाहेर राहिल्या.

आणि २०११च्या जानेवारीत बॉम्ब पडला. ईएसपीएननं ऑस्टिनवाल्यांना त्यांचं स्वतःचं चॅनल दिलं. ‘लाँगहॉर्न नेटवर्क’! २० वर्षांसाठी ३० कोटी डॉलर. एकाच गटात खेळायचं आणि एकाच टीमचं स्वतंत्र चॅनल? वर त्या चॅनलवर हायस्कूलच्या मॅचेस दाखवायची चर्चा. म्हणजे उद्याचे खेळाडू आधीच त्यांच्या जाहिरातीत! आमच्याकडे संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी ए अँड एमनं जाहीर केलं, आम्ही ‘एसईसी’ या दक्षिणेतल्या बलाढ्य गटात चाललो. बेलरनं कोर्टात जायचा हक्क सोडायला नकार देऊन काही दिवस सगळं लटकवलं. बेलरचे तेव्हाचे अध्यक्ष कोण? केन स्टार. हो, क्लिंटनसाहेबांना घाम फोडणारे तेच!

खरं सांगू? आम्ही तेव्हा नाचलो. ‘एस-ई-सी! एस-ई-सी!’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो, मीसुद्धा. घटस्फोटाचे कागद हातात घेऊन आम्ही पेढे वाटत होतो, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

शेवटची रात्र

२४ नोव्हेंबर २०११. काइल फील्ड, कॉलेज स्टेशन. ११८वी आणि शेवटची मॅच. या वेळी नागपूरकर माझ्याकडे आला होता. भगव्याच्या जवळ जाणारा त्यांचा तो विटकरी टी-शर्ट घालून तो आमच्या मरून समुद्रात एकटा उभा होता.

टीव्हीवर मॅच बघताना एक गोष्ट दिसत नाही. अधूनमधून एक माणूस मैदानात येऊन उभा राहतो. तो आत असेपर्यंत खेळ बंद. तिकडे घरोघरी जाहिराती चालू असतात. तो बाहेर गेला की खेळ सुरू. ऐंशी हजार माणसं आणि दोन टीम्स त्या एका माणसाच्या पावलांकडे बघत थांबतात. मालक कोण हे मला त्या रात्री नीट दिसलं.

शेवटची दोन मिनिटं. आमचा टचडाउन, आम्ही २५-२४नं पुढे! देशी पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या (किस नाही, मिठ्याच). आणि घड्याळ शून्यावर येताना टेक्सासच्या किकरनं ४० यार्डांवरून बॉल दोन खांबांच्या मधून पाठवला. २७-२५. संपलं.

अ‍ॅगीज हरत नाहीत, त्यांचा फक्त टाइम संपतो, असं आमच्याकडे म्हणतात. त्या रात्री खरोखरच टाइम संपला होता. नागपूरकर चिडवेल म्हणून मी तयारीत होतो. तो काहीच बोलला नाही. बाहेर पडताना फक्त म्हणाला, ‘पुढच्या वर्षी नाही ना बे?’

कट्टी

पुढच्या वर्षी नव्हतीच. बाकी सगळं झकास होतं. एसईसीतल्या पहिल्याच वर्षी, २०१२ला, आमच्या जॉनी मॅन्झेलनं हाइजमन ट्रॉफी मिळवली, फ्रेशमन वर्षात ती मिळवणारा पहिलाच! पैसा आला. स्टेडियम वाढवून एक लाखाच्या वर गेलं. ऑस्टिनवाले म्हणायचे, सोडून ते गेले, आम्ही का बोलावू? आमचे म्हणायचे, आम्हाला गरजच नाही. अगदी आपल्याकडे वाटणीनंतर दोन भावांचं होतं तसं!

टेक्सासच्या विधानसभेत २०१३ला एका सदस्यानं चक्क विधेयक आणलं. या दोन टीम्सनी दर वर्षी खेळलंच पाहिजे, असा कायदा करा! ते पास झालं नाही. गंमत बघा, भारत-पाकिस्तानची शेवटची द्विपक्षीय सीरिजही २०१२-१३चीच. तिथे राजकारणानं मॅच थांबवली, इथे टीव्हीच्या पैशानं थांबवलेली मॅच राजकारणालाही सुरू करता आली नाही.

आणि आम्ही दोघं? मी २०१३ला पुण्यात परतलो, तो डॅलसला स्थायिक झाला. भांडण वगैरे काही नाही हं. पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगला फोन झाला. दुसऱ्या वर्षी मेसेज. मग वाढदिवसाला व्हॉट्सअ‍ॅपवर केकचं चित्र. त्याला मुलगी झाल्याचं मला फेसबुकवरून कळलं. माझे बाबा गेल्याचं त्याला चार महिन्यांनी कुणा तिसऱ्याकडून कळलं. ‘सांगितलं नाही बे?’ त्यानं विचारलं. काय सांगणार होतो? आमच्याकडे वर्षातून एकदा फोन करायला कारण होतं. ते कारण कुणाच्या तरी बॅलन्सशीटमध्ये गेलं होतं.

सगळा नकाशाच उसवला

आमचं दुखणं पुढे साऱ्या देशाचं झालं. २०२२च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोघींनी जाहीर केलं, आम्ही ‘बिग टेन’मध्ये चाललो. म्हणजे गटातल्या मॅचसाठी पार न्यू जर्सीपर्यंत उड्डाण! त्या गटाचा टीव्हीशी झालेला करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरच्या घरातला. २०२३च्या ऑगस्टमध्ये ऑरेगन आणि वॉशिंग्टन गेल्या, मग अ‍ॅरिझोनाच्या दोन्ही आणि युटा. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावरून उठून ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात गेल्या! शंभराहून जास्त वर्षांचा ‘पॅक-ट्वेल्व्ह’, त्यात २०२४च्या सीझनला उरल्या फक्त दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांचं काही चुकलं होतं का? नाही. त्यांची शहरं छोटी, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक कमी. बस!

उद्या एखादं चॅनल पुरुषोत्तमवाल्यांना म्हणालं, की तुमच्या मोठ्या कॉलेजांनी आता चेन्नई आणि कोलकात्याशी भिडायचं, पैसे दसपट, बाकीच्यांचं आम्हाला माहीत नाही, तर? करंडक मोठा होईल. पण समोर शेजारचं कॉलेज नसेल तर आवाज कुणाचा, हे विचारणार कुणाला?

अर्थात जुनं ते सगळं सोनं होतं, असंही नाही. एवढ्या पैशात ज्यांच्या हाडांची मोडतोड होते त्या खेळाडूंना कित्येक दशकं स्कॉलरशिप सोडून छदाम मिळत नव्हता. २०२१च्या जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येऊ लागल्या. जून २०२५मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिट्या थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६साठी मर्यादा एका युनिव्हर्सिटीला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आमच्या ए अँड एमनं २०२३ला कोचला काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे म्हणून त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं लागत होतं. न खेळवण्याचे एवढे पैसे असतील, तर खेळणाऱ्या पोरांना मिळाले याचं मला तरी वाईट वाटत नाही.

पहाटेचा चहा

मग मॅच परत कशी आली? टीव्हीमुळेच! २०२१च्या जुलैमध्ये बातमी फुटली, की ऑस्टिनवाल्यांनाही आता एसईसीत यायचंय. ज्या दारानं आम्ही त्यांच्यापासून पळालो, त्याच दारातून ते आत! आमच्या लोकांनी आधी थयथयाट केला आणि मग मुकाट्यानं त्यांच्या बाजूनं मत दिलं. १ जुलै २०२४ला ते आले. ज्या चॅनलपायी एवढं रामायण घडलं, ते लाँगहॉर्न नेटवर्क आदल्याच दिवशी बंद झालं.

चॅनलवाले खूश, कारण १३ वर्षं साचलेलं वैर त्यांना आयतं विकायला मिळालं. असं वैर स्टुडिओत तयार करता येत नाही. त्याला शंभर वर्षं लागतात, शेजार लागतो, बारा दारांचं एक स्मारक लागतं. ते तोडायला मात्र एक सही पुरते.

तर, १ डिसेंबर २०२४. काइल फील्डवर लाखाहून जास्त माणसं आणि बाणेरच्या ओट्यापाशी मी. फोन स्पीकरवर. पहिल्या क्वार्टरमध्येच आमच्या लक्षात आलं, की आपण मॅचबद्दल कमी आणि इतर गोष्टींबद्दलच जास्त बोलतोय. त्याच्या मुलीचं मराठी, माझ्या आईचे गुडघे, त्याची नोकरी जाता जाता राहिली ते. मॅन्झेलचा काळ त्यानं एकट्यानं कसा सहन केला तेही! मग तो हळूच म्हणाला, ‘काकांचं ऐकलं तेव्हा फोन कराले पायजे होता बे मी.’ मी म्हटलं, ‘थर्ड डाउन आहे, गप बस.’ दोघांनाही तेवढं पुरलं.

आम्ही १७-७ हरलो. आमचा एकमेव टचडाउन डिफेन्सनं केला, ९३ यार्ड पळत जाऊन. तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की बायको उठून बाहेर आली, तिनं तो टी-शर्ट बघितला आणि काही न बोलता परत आत गेली.

२०२५च्या मॅचला आमची टीम अकराच्या अकरा मॅचेस जिंकून ऑस्टिनला गेली. आपल्याकडे तेव्हा शनिवारची पहाट, २९ नोव्हेंबर. या वेळी फोन मी केला. पुन्हा हरलो, २७-१७. म्हणजे २०११ पासून मी बघितलेली एकही मॅच आम्ही जिंकलेलो नाही.

शिट्टी वाजल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मी म्हटलं, ‘बोल ना, चिडव! तेरा वर्षांचं बाकी आहे तुझं.’

‘चहा घे बे,’ टी-सिपर म्हणाला.

मी घेतला. दोन कप.

नवख्यांसाठी फंडे

कधी बघाल? सीझन ऑगस्टच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. मॅचेस मुख्यतः शनिवारी; आपल्याकडे शनिवारी रात्रीपासून रविवारी सकाळपर्यंत. अमेरिकन क्लायंटबरोबर काम करणाऱ्यांना सवय असेलच!

नियम किती? सुरुवातीला एवढंच पुरे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर बॉल समोरच्यांचा. टचडाउनचे ६ पॉइंट्स, खांबांमधून मारलेल्या फील्ड गोलचे ३.

शेवट कुठे? २०२४च्या सीझनपासून १२ टीम्सचा प्लेऑफ.

टीम कशी निवडाल? तुमचा भाऊ, बहीण किंवा मित्र जिथे शिकतो ती टीम घ्या. आणि त्याच्याशी पटत नसेल, तर शेजारची!